घरातील चूल, बंब आणि शेगडी : काही अनुभव, काही सूचना

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे केलेले भाषण)



वैद्यकीय विभागाने दरवर्षी या सभेत एखाद्या आजाराविषयी चार शब्द बोलावेत असा आपल्याकडे प्रघात आहे. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब हे विषय यापूर्वी होऊन गेले. यंदा आम्ही चूल हा विषय निवडला तेव्हा काही विश्वस्तांनी साहजिकच विचारले की, घरोघरी गॅस पोहोचल्यानंतर आता या विषयाचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या आजच्या बोलण्याचा उगमही त्याच प्रश्नात आहे.

गॅस पोहोचला, हे खरेच. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्यांचा टप्पा तिने गाठला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील सुमारे ५९ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास ८० टक्के होते. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र हा हिशोब स्वयंपाकापुरता आहे आणि तोही मुख्य इंधनाचा. ओट्यावर गॅसची शेगडी आहे म्हणून त्या घरातला विस्तव विझला, असा अर्थ त्यातून निघत नाही. अंघोळीचे पाणी कशावर तापते? गुरांचे आंबोण कशावर शिजते? पाहुणे आले म्हणजे भाकऱ्यांची चळत कशावर उतरते? सिलिंडर संपून दुसरा घ्यायला हाताशी पैसे नसतात, त्या दिवसांत काय होते? आमच्या परिसरातील बहुतेक घरांत या प्रश्नांचे उत्तर परसातली चूल, न्हाणीतला बंब किंवा बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी हेच आहे.

गॅस आल्यावर विस्तव घरातून गेला नाही, तो आडोशाला गेला. स्वयंपाकघरातल्या चुलीवर घरातल्या बाईचे सतत लक्ष असे. आडोशाच्या विस्तवावर कोणाचेच नसते. आमच्याकडे येणारे रुग्ण पाहता हा बदल आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो.

प्रारंभी आमचीच एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात दमेकऱ्यांना देण्यासाठी एक छापील सूचनापत्र असे. त्यातील पहिलीच सूचना ठळक अक्षरांत होती : 'विडी, सिगारेट, तंबाखू ताबडतोब सोडा.' साठीच्या घरातील एक आजी धाप लागते म्हणून येत. त्यांनाही ते पत्र रीतसर देण्यात आले. त्यांनी ते सुनेकडून वाचून घेतले आणि पुढल्या खेपेस आम्हांला विचारले, "अवं डॉक्टरसाहेब, इडी म्या जन्मात वढली न्हाई. मग सोडू काय?" आम्ही ओशाळलो. त्यांच्या केसपेपरवर धूम्रपानाच्या रकान्यात 'नाही' असे लिहून आम्ही मोकळे झालो होतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या चुलीपुढे बसत आल्या होत्या, हे विचारायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

याबाबत वैद्यकशास्त्र मात्र अंधारात नव्हते. दिल्लीतील विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती. फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा आजार एरवी धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. तो त्यांना धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्येही मोठ्या संख्येने आढळला, आणि त्यांचे बोट चुलीच्या धुराकडे गेले. पुढे कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो याचे प्रत्यक्ष मापन केले. ते १९८३ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात लेख लिहून, धूम्रपान न करणाऱ्यांतील सी.ओ.पी.डी. या श्वसनविकारामागे लाकूड, शेणी, काटक्या यांचा धूर किती मोठे कारण आहे याकडे जगाचे लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घालून दिलेल्या मर्यादेनुसार चोवीस तासांतील अतिसूक्ष्म कणांचे सरासरी प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे. बंदिस्त जागेत चूल पेटलेली असताना हे प्रमाण शेकड्यांत आणि प्रसंगी हजारांत जाते. सी.ओ.पी.डी., हृदयविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया, कमी वजनाची बाळे, मोतीबिंदू या सर्वांशी या धुराचा संबंध जोडला गेला आहे.

देणगीदारांसमोर बोलताना येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. चूल बदलली की न्यूमोनियाचा वॉर्ड ओस पडेल, असे आश्वासन आम्ही देणार नाही. भारतात तमिळनाडूत, तसेच ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या देशांत मिळून सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातील निम्म्या घरांना गॅस विनामूल्य पुरविण्यात आला. धूर खूपच कमी झाला. तरी २०२२ आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात वा पहिल्या वर्षातील गंभीर न्यूमोनियात अपेक्षित फरक दिसला नाही. यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाही. गॅस आला तेव्हा गर्भारपणाचे काही महिने उलटून गेले होते, आणि न्यूमोनियाला कुपोषणासारखी इतर कारणेही असतात. परंतु एका उपायाने सर्व साधेल ही आशा धरू नये, इतका बोध आम्ही घेतला. भाजणे, गुदमरणे आणि घराला आग लागणे ही संकटे मात्र अशी आहेत की तेथे घरातल्या माणसाच्या सावधगिरीचा फरक त्याच दिवशी दिसतो. म्हणून उरलेला वेळ आम्ही त्यांना देणार आहोत.

प्रथम बाळंतिणीच्या खोलीविषयी, कारण ती आमच्या विशेष काळजीची जागा आहे. शेक, शेगडी आणि धुरी ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मायेपोटी ती केली जाते आणि तिची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. बाळंतिणीला ऊब हवी असते, बाळाला तर हवीच हवी. पण खिडक्या लावलेल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी रात्रभर ठेवली जाते, तेव्हा काय होते ते पाहा. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे आता धोका टळला असे घरच्यांना वाटते. वस्तुतः त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत तो झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, आणि माणूस झोपेतच प्राणवायूला पारखा होतो.

एका हिवाळ्यात पहाटे एक बाळंतीण आणि तिची आई अशा दोघींना आमच्याकडे आणण्यात आले. दोघींचे डोके ठणकत होते, उलट्या होत होत्या. बाळ सुस्त होते, अंगावर पीत नव्हते. रात्रीच्या जेवणातून विषबाधा झाली असावी असा आमचा पहिला कयास होता. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण उत्तम दिसत होते आणि त्यामुळे आम्ही आणखीनच फसलो; कारण हे साधे यंत्र प्राणवायूने भरलेले रक्त आणि या विषारी वायूने भरलेले रक्त यांत भेद करू शकत नाही. जेवण न केलेल्या बाळाला विषबाधा कशी होईल, हा प्रश्न आमच्या एका परिचारिका भगिनींनी विचारला. मग आजीबाईंकडून कळले की शेगडी रात्रभर खोलीत होती. तिघांनाही भरपूर प्राणवायू देण्यात आला आणि तिघेही सुखरूप घरी गेले. आणखी दोन तासांनी दार उघडले गेले असते तर काय झाले असते, याची कल्पना आम्हांला आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. शेक द्यायचा तर दिवसा, दार आणि समोरची खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागे असताना द्यावा. शेगडी बाहेर पेटवावी, शेक होताच ती बाहेर न्यावी, आणि झोपण्याच्या खोलीत पेटती शेगडी रात्री कदापि ठेवू नये. धुरी बाळाला देऊच नये. त्याचे फुप्फुस अजून कोवळे असते. ऊब द्यायची तर टोपडे, दुपटे आणि आईच्या अंगाशी धरणे यांपरते साधन नाही. घरातील अनेकांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटले, तर ते पित्त समजू नये. विस्तव बाहेर काढावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना 'खोलीत शेगडी होती' हे आपण होऊन सांगावे. आम्ही विचारायला विसरू शकतो, हे आत्ताच आपण ऐकलेत.

बंबाचीही तीच कथा. तांब्याचा बंब म्हणजे मधोमध नळी, नळीत ढलपे आणि कोळसा, भोवती पाणी. जुन्या वाड्यांतून तो अंगणात किंवा पडवीत असे. आता घरे लहान झाली, अंगणे गेली, आणि बंब न्हाणीघरात आला. दार लावून, आतून कडी घालून, पेटत्या बंबाशेजारी अंघोळ करणे हे बंद खोलीत शेगडी ठेवण्यासारखेच आहे. बंब बाहेर पेटवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे. बादलीत आधी गार पाणी घालावे, मग कढत ओतावे. नुसत्या कढत पाण्याची बादली मोरीत ठेवून आई विसणाला वळते आणि तेवढ्यात मूल बादलीत हात घालते किंवा तीत बसू पाहते. भाजलेल्या मुलांच्या पालकांशी बोलताना विस्तवापेक्षा तापलेल्या पाण्याचीच हकिकत आम्हांला अधिक वेळा ऐकावी लागते.

चुलीवरून हंडा किंवा पातेले उतरवताना आमच्या भगिनी पदराचा बोळा करून काठ धरतात. ही सवय आम्ही हात जोडून सोडायला सांगतो. पदर विस्तवावरून जातो, आणि आजच्या साड्या बहुधा कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या जळतात, वितळतात आणि कातडीला चिकटतात. जाड सुती फडकी किंवा गोणपाटाचे दुपदरी तुकडे चुलीपाशी खुंटीला टांगून ठेवावेत, पदर कमरेला घट्ट खोचावा आणि शक्य तर विस्तवाचे काम सुती वस्त्रात करावे. पाण्याचा मोठा हंडा भरलेला उचलूच नये. तांब्याने उपसून घ्यावा. जमिनीलगतच्या चुलीचे तोंड नेमके रांगत्या मुलाच्या तोंडासमोर येते. गुडघाभर उंचीचा ओटा करून त्यावर चूल मांडली तर मूल दूर राहते आणि बाईची पाठही वाचते. ओटा होईपर्यंत चुलीभोवती हातभर अंतरावर विटांची एक ओळ तरी लावावी.

पेटवण्याविषयी. पावसाळ्यात जळण ओले असते आणि मग रॉकेल, हल्ली तर मोटारसायकलच्या टाकीतले पेट्रोल, चुलीत ओतले जाते. पेट्रोलची वाफ डोळ्यांना न दिसता जमिनीसरपट पसरते आणि काडी ओढताच हवेतच भडका उडतो. धुमसत्या चुलीत वरून ओतणे तर याहूनही घातक. ज्योत धारेवरून थेट हातातल्या बाटलीपर्यंत चढते. असे भाजलेले रुग्ण आमच्या आवाक्याबाहेरचे असतात, त्यांना मोठ्या शहरातील जळीत विभागात पाठवावे लागते. प्लास्टिकच्या पिशव्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, तुटक्या चपला यांवर चूल चटकन पेटते हे आम्हांलाही ठाऊक आहे, पण तो धूर लाकडाच्या धुराहून अधिक विषारी असतो. तीच गोष्ट कण्हेरीच्या काटक्यांची. ते झाड विषारी आहे आणि त्याचा धूरही टाळलाच पाहिजे.

याला खरा उपाय एकच, तो म्हणजे वाळलेले जळण. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ते आटवण्यातच आच खर्ची पडते आणि धूर होतो. उन्हाळ्यात लाकूड मनगटाहून बारीक फोडून, आडवेतिडवे रचून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळेल असे ठेवले तर पावसाळा निभावतो. ढीग चुलीला लागून रचू नये. चुलीत एकदम मोळी कोंबण्याऐवजी दोन-तीन लाकडांची टोके तेवढी जाळावीत आणि ती जळत जातील तशी पुढे सारावीत. खालून हवा जाण्यासाठी राख रोज काढावी. फुंकणी वारंवार हाती घ्यावी लागत असेल तर राख साचली आहे किंवा लाकूड ओले आहे असे समजावे. भांड्यावर झाकण ठेवावे, डाळ भिजत घालावी. जळण वाचते तितका धूर वाचतो.

धुराड्याविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण येथे संस्थांनी आणि शासनाने बराच पैसा घातला आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२ साली थांबविण्यात आला. त्यात कोट्यवधी चुली वाटल्या गेल्या. पैकी कितीतरी थोड्याच काळात मोडल्या किंवा वापराविना पडून राहिल्या. कोठे चुलीचे तोंड घरातल्या भांड्यांना जुळत नव्हते, कोठे धुराड्यात काजळी साचून धूर पुन्हा घरातच येऊ लागला आणि ते साफ कसे करावे हे कोणी शिकविलेच नव्हते. धुराडे बसवणे सोपे असते. पण ते दर महिन्याला झाडावे लागते, त्याचे तोंड छपराच्या वर मोकळ्या हवेत आणि गवत-झावळ्यांपासून दूर काढावे लागते, आणि छपरातून जाते तेथे लाकडी वाशाशी अंतर ठेवावे लागते. न झाडलेल्या धुराड्यातील काजळीच एखादे दिवशी पेट घेते. धुराडे शक्य नसेल तर चुलीच्या वर भिंतीत मोठा झरोका आणि समोर उघडे दार, इतके तरी असावे.

हे सर्व आम्ही आजवर मातांच्या मेळाव्यात सांगत आलो आणि तेथेही आमचे थोडे चुकलेच. भिंतीला झरोका पाडायचा की नाही, ओट्याला विटा आणायच्या की नाही, लाकूड कधी तोडायचे, याचा निर्णय बहुतेक घरांत बाईच्या हाती नसतो. आज सभागृहात पुरुषमंडळी मोठ्या संख्येने आहेत, म्हणून मुद्दाम त्यांना उद्देशून बोलत आहोत.

राखेविषयी एकच गोष्ट. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. ती उकिरड्यावर टाकली आणि वारा सुटला की शेजारची कडब्याची गंजी किंवा गोठा पेटतो. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा, राख त्यात घालून वर पाणी शिंपडावे.

इतके करूनही कोणी भाजलेच तर पहिली वीस मिनिटे घरच्यांच्या हाती असतात. वस्त्राने पेट घेतला तर पळू नये. पळण्याने ज्वाळा वाढतात. जमिनीवर आडवे व्हावे, लोळावे, जवळच्याने घोंगडी किंवा जाड सुती पासोडी टाकून आग दाबावी. मग भाजलेल्या भागावर स्वच्छ, साधे गार पाणी वीस मिनिटे वाहू द्यावे. बर्फ लावू नये. मूल लहान असेल तर बाकीचे अंग पांघरुणात गरम ठेवावे. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्यापूर्वी काढाव्यात. चिकटलेले कापड ओढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, माती यांपैकी काहीही लावू नये. आम्हांला तो लेप काढावा लागतो आणि तेव्हा रुग्णाला दुप्पट यातना होतात. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आमच्या केसपेपरवर आता धूम्रपानाच्या खाली आणखी एक ओळ छापलेली आहे : 'घरात विस्तव कोठे कोठे पेटतो?' 'चूल आहे का' असे विचारले की 'नाही, गॅस आहे' असेच उत्तर येते, म्हणून प्रश्नाची ही शब्दरचना बरीच चर्चा करून ठरविली. नोंदणीच्या खिडकीवर या प्रश्नाने सुरुवातीस थोडा घोळ झाला. एका गृहस्थांनी 'देवापुढे' असे उत्तर दिले, आणि तेही आम्ही लिहून घेतले.

सभेनंतर चहाच्या वेळी मागील आवारात दोन चुली पेटविलेल्या असतील, एकीत ओले लाकूड आणि दुसरीत गेल्या उन्हाळ्यात वाळवलेले. दोन्हींवर सारखेच पाणी ठेवलेले असेल. आमच्या परिचारिका भगिनी तेथे थांबतील आणि पेटत्या वस्त्रावर घोंगडी कशी टाकावी हेही करून दाखवतील. मुलांना कृपया दोरीच्या अलीकडे धरून ठेवावे.